वायर लावली का?

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये दर डिसेंबरला ख्रिसमसचं नाटक असायचं आणि त्यात बर्फ म्हणून स्टेजभर कापूस पसरायचे. मी सलग तीन वर्षं त्यात मेंढी होते. कापसावर गुडघे टेकून बसायचं, बाळ येशूकडे प्रेमाने बघायचं आणि शिंक दाबून धरायची, एवढाच माझा रोल. बर्फाशी माझी ओळख तेवढीच. आणि हो, गोळेवाल्याकडची.

त्यामुळे फर्स्ट इयरची पहिली सेमिस्टर संपल्यावर, डिसेंबर २०२३ मध्ये, आईबरोबर ताईकडे कॅनडाला जायचं ठरलं तेव्हा मी हॉस्टेलवर सगळ्यांना सांगून सांगून पकवलं होतं. ताई राहते एडमंटनला. अल्बर्टा प्रांताची राजधानी, अक्षांश साडेत्रेपन्न, म्हणजे लंडनच्याही वर. ताईची छकुली तेव्हा आठ महिन्यांची होती. तिची पहिली संक्रांत म्हणून बोरन्हाण झालंच पाहिजे, असा आईचा हट्ट. सांगलीहून आणलेले हलव्याचे दागिने तिने विमानात पूर्ण प्रवासभर मांडीवर घेतले होते. मलाही लहानपणी एवढं जपलं नसेल.

पोचलो तर बर्फच नाही! त्या वर्षीचा डिसेंबर तिकडे भलताच उबदार गेला. ख्रिसमसला सगळीकडे नुसतं पिवळं, वाळकं गवत. मी रोज सकाळी पडदा सरकवून बघायची. सकाळी म्हणजे पावणेनऊला, कारण त्याआधी उजाडतच नाही, आणि साडेचारला परत अंधार. आई म्हणायची, "हे कसलं गं गाव, जेवणं उरकेपर्यंत दिवेलागण!"

मग जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सगळं एकदम आलं. आधी बर्फ आणि त्याच्या मागोमाग थंडी. पडणारा बर्फ इतका गप्प असतो हे मला माहीत नव्हतं. आपल्याकडे पाऊस आला की पत्रे वाजतात, कुत्री भुंकतात, कोणीतरी "कपडे काढा!" म्हणून ओरडतं. इथे काहीच नाही. उठून बघितलं तर गाड्या नाहीत, नुसते उंचवटे.

पहिला दिवस फोटो काढण्यात गेला. दुसऱ्या दिवशी ताईने हातात फावडं दिलं. घरासमोरची पायवाट ज्याची त्याने साफ करायची, नाहीतर दंड, असा तिथला नियम आहे. पालिका रस्त्यावर लाकडी पेट्या ठेवते, त्यातली वाळू फुकट न्यायची आणि पायवाटेवर टाकायची. मीठच का टाकत नाहीत, असं मी मोठ्या हुशारीने विचारलं. मिठाने पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो हे आपण शाळेतच शिकतो. पण त्यालाही मर्यादा आहे. थंडी उणे दहा-बाराच्या पलीकडे गेली की साध्या मिठाचा फारसा उपयोग होत नाही. मग उरते वाळू. ती काही वितळवत नाही, फक्त पायाखाली खरखर देते.

आणि थंडी उणे दहाला थांबली नाही. उणे वीस झाली, तीस झाली आणि त्या आठवड्याच्या शेवटी चाळीसला टेकली. (उणे चाळीसला सेल्सिअस आणि फॅरनहाइट एकच होतात. व्हायव्हात विचारतात, लक्षात ठेवा.) श्वास घेतला की नाकातले केस कडक होतात. पापण्या चिकटतात. घरात हीटरमुळे हवा इतकी कोरडी की दाराच्या मुठीला हात लावला तरी चटका बसायचा, स्टॅटिक करंटचा. आई रात्री हीटरच्या झडपेवर ओला टॉवेल टाकून ठेवायची आणि दही ओव्हनमधला दिवा लावून त्यात विरजायची. फ्रिजमध्ये जागा नाही म्हणून एकदा तिने आमटीचं पातेलं मागच्या दाराबाहेर ठेवलं. दोन तासांनी आमटीवर लाटणं आपटून बघितलं, तर टण्ण वाजलं.

पण मला सगळ्यात जास्त नवल वाटलं ते गाड्यांचं. ताईच्या वसाहतीत पार्किंगच्या प्रत्येक जागेपुढे एक खांब आणि खांबावर प्लगची जागा. प्रत्येक गाडीच्या नाकातून एक वायर बाहेर लोंबतेय आणि त्या खांबात खुपसलेली! मला वाटलं, काय प्रगत देश आहे, सगळ्या इलेक्ट्रिक गाड्या! ताई पोट धरून हसली. गाड्या पेट्रोलच्याच. आत इंजिनच्या ब्लॉकला एक हीटिंग एलिमेंट बसवलेलं असतं, आपल्या बादलीतल्या कॉइलसारखं. त्याने कूलंट गरम राहतं. नाहीतर ऑइल काकवीसारखं घट्ट होतं आणि बॅटरीची ताकद नेमकी त्याच वेळी निम्म्यावर येते. चार तास तरी वायर लावलेली हवी. म्हणून तिथे झोपायच्या आधी घराघरात एकच प्रश्न असतो. आपल्याकडे "गॅस बंद केलास का?" तसा तिकडे "वायर लावली का?"

दाजी इंजिनिअर आहेत आणि उत्तरेला फोर्ट मॅकमरीच्या तेलखाणींत काम करतात. घरापासून साधारण साडेचारशे किलोमीटर. चौदा दिवस कॅम्पवर, सात दिवस घरी. ते जायच्या आदल्या संध्याकाळी आम्हाला एका मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये घेऊन गेले. बर्फावर गाडी कशी घसरते ते दाखवायला, असं मला सांगितलं. त्यांनी तीसचा स्पीड घेतला आणि ब्रेक दाबला. पायाखाली एबीएस खडखडलं, आणि गाडी आपली निवांत पुढे चालली आहे, चालली आहे... मला जाम मजा आली. मग ते उतरले आणि ताईला म्हणाले, "आता तू." ताईने मान हलवली. ते परत म्हणाले. ती म्हणाली, "छकुली रडतेय, घरी जाऊ." छकुली झोपली होती.

त्या रात्री मला कळलं की ताई नोव्हेंबर ते मार्च गाडीच चालवत नाही.

ही कोण ताई, तर जी सांगलीत स्कूटीवरून उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करायची आणि मागे बसलेली मी डोळे मिटून घ्यायची, ती. नोव्हेंबर २०२२ मध्ये छकुली पोटात असताना एका चौकात तिची गाडी घसरली, स्वतःभोवती पूर्ण फिरली आणि उलट्या तोंडाने फुटपाथला टेकून थांबली. कोणाला काही लागलं नाही. गाडीला ओरखडासुद्धा नाही. पण समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे तिला अजून दिसतात म्हणे. आईला तिने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. व्हिडिओ कॉलवर तर सगळं मस्त चाललेलं असायचं! दाजी कॅम्पला गेले की चौदा दिवस ती आणि बाळ घरात. भाजी ऑनलाइन. लायब्ररीत लहान बाळांचा गोष्टींचा वर्ग असतो, तिथे जायची तिची फार इच्छा, पण उणे पंचवीसला बाबागाडी घेऊन बसस्टॉपवर कोण उभं राहणार? मला म्हणाली, "मार्चपर्यंत मी मोजत असते गं, दिवस." मी काहीच बोलले नाही. मला वाटलेलं, कॅनडातली माणसं फक्त डॉलर मोजतात.

आता जरा ॲप्लाइड मेकॅनिक्स. घर्षणाचा गुणांक कोरड्या डांबरी रस्त्यावर साधारण ०.७, बर्फाच्या काचेवर ०.१. थांबायला लागणारं अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले दोन म्यू जी. पन्नासच्या स्पीडला कोरड्या रस्त्यावर येतात चौदा मीटर. बर्फावर अठ्ठ्याण्णव! वाचताना हा पाच मार्कांचा प्रश्न वाटतो. गाडीत बसलं की ते अठ्ठ्याण्णव मीटर काय असतात ते कळतं. आणि भरीस भर म्हणजे कडाक्याच्या थंडीत सिग्नलला थांबलेल्या गाड्यांच्या धुरातली वाफसुद्धा रस्त्यावरच गोठते. जिथे थांबायचं तिथेच रस्ता सगळ्यात गुळगुळीत.

१३ जानेवारी २०२४, शनिवार. संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास घरातले सगळे मोबाईल एकाच वेळी किंचाळले. टीव्हीसुद्धा. मला वाटलं युद्धच सुरू झालं. मेसेज सरकारचा होता. थंडीमुळे विजेची मागणी प्रचंड वाढली आहे, ग्रिडवर ताण आहे, आळीपाळीने वीज जाण्याचा धोका आहे. तेव्हा नको ते दिवे बंद करा, शेगडीऐवजी मायक्रोवेव्ह वापरा, इलेक्ट्रिक गाड्या चार्ज करू नका आणि गाड्यांचे ब्लॉक हीटर आत्ता लावू नका. दोनच दिवस आधी, ११ तारखेला, अल्बर्टाच्या ग्रिडने १२,३८४ मेगावॅटचा विक्रम केला होता. त्यात वारा पडलेला म्हणून पवनचक्क्या थंड, आणि गॅसवरचे काही संच बंद.

आमच्याकडे लगेच मतभेद झाले. आई म्हणाली, "घरात तान्हं पोर आहे. एका वायरने काय होणार आहे?" ताई म्हणाली, "प्रत्येकजण असंच म्हणाला तर?" मग जरा हसून, "आणि आई, मी लोडशेडिंगमध्ये दहावी दिली आहे. तेव्हा कुठे कोणी विचारून वीज घालवली होती? इथे निदान विचारतायत." मुद्दा बिनतोड होता. शिवाय घरातला हीटर गॅसवरचा असला तरी गरम हवा फेकणारा पंखा विजेचाच, म्हणजे वीज गेली तर सगळेच गारठणार. मी जॅकेट चढवून बाहेर गेले आणि प्लग काढला. थंडीने वायर इतकी कडक झाली होती की ती काठीसारखी उभीच राहिली. आजूबाजूलाही दोघं-तिघं त्याच कामाला आलेले. शेजारच्या घरातले उंचेपुरे आजोबा त्यांच्या पिकअपचा प्लग काढत होते. आम्ही एकमेकांकडे बघून मान हलवली. तेवढ्यात माझ्या भुवया पांढऱ्या झाल्या.

पुढे वाचलं की मेसेज गेल्यानंतर काही मिनिटांतच मागणी दोनशे मेगावॅटने उतरली. नऊच्या आधीच धोका टळल्याचंही जाहीर झालं. यंदा पॉवर सिस्टिम्स शिकताना सर लोड कमी करायच्या पद्धती सांगतात, तेव्हा मला ते आजोबा आठवतात.

धोका टळल्याचं आम्हीही वाचलं. पण छकुलीला सर्दी होती, नाक चोंदलेलं, ती झोपत नव्हती. तिला आळीपाळीने खांद्यावर घेऊन फिरवण्यात त्या रात्री "वायर लावली का?" हे कोणी कोणाला विचारलंच नाही.

सव्वा वाजता ताईने मला उठवलं. छकुली खोकत होती, पण तो खोकला माणसाच्या बाळाचा वाटतच नव्हता. भुंकल्यासारखा आवाज. आणि श्वास आत घेताना शिट्टी. ताईने ८११ लावला. तिथे या नंबरवर रात्रभर नर्स असते. नर्स म्हणाली, फोन बाळाजवळ धरा. तिने ऐकलं आणि शांतपणे सांगितलं, "क्रूप वाटतोय. हॉस्पिटलला न्या, आत्ताच. ओठ निळे दिसले तर मात्र वाट बघू नका, ९११ करा." टॅक्सीच्या ॲपवर पन्नास मिनिटं दाखवत होती.

मी ताईकडे बघितलं. तिने किल्ली घेतली. तेव्हा मला वायर आठवली. माझ्या पोटात जो गोळा आला तो मी शब्दांत सांगू शकत नाही. काढली मी होती, परत लावायचीही मीच होते. मी काही न बोलता बूट घातले आणि पुढे पळाले.

प्लग खांबात होता.

व्यवस्थित, शेवटपर्यंत दाबलेला. वायर बॉनेटला एक वेढा देऊन अडकवलेली, जशी आमच्यात कोणी कधीच अडकवत नाही. विचार करायला वेळ नव्हता. काचेवरचा बर्फ मी खरवडायला लागले. हातमोजे जाड, बोटं वळेनात. गाडीने तीनदा कण्हून चौथ्यांदा सुरुवात केली. मागे आई आणि ताईची बाचाबाची चालली होती, कारण ताईने बाळाचं जाडं जॅकेट काढून तिला कारसीटमध्ये बांधलं आणि वरून दोन ब्लँकेटं टाकली. जॅकेटवरून पट्टा बांधला तर तो सैल राहतो. आई म्हणत होती, "मारायचं आहे का पोरीला?" ताई म्हणाली, "आई, बस तू." इतक्या कडक आवाजात ती आईशी बोललेली मी पहिल्यांदाच ऐकलं.

गाडी हलली आणि धाड-धाड-धाड आवाज यायला लागला. मला वाटलं चाक निखळलं. "चौकोनी चाकं," ताई पुटपुटली. इतक्या थंडीत उभ्या गाडीचे टायर खालच्या बाजूला चपटे होऊन तसेच गोठतात, दीड-दोन किलोमीटर गेल्यावर गोल होतात. त्या तालावर आईची रामरक्षा सुरू झाली. रस्त्यावर धुक्यासारखी वाफ. गल्लीतला बर्फ तिकडे तळापर्यंत काढत नाहीत, दाबून पाचेक सेंटिमीटरचा थर ठेवतात. त्यात चाकांच्या चाकोऱ्या पडलेल्या, आणि ताई त्यातून तीसच्या स्पीडने चाललेली. दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाठ सीटला न टेकलेली.

मोठ्या रस्त्याला लागायच्या आधी एक उतार आहे आणि खाली सिग्नल. ताईने खूप आधीपासून पाय उचलला होता. सिग्नल पिवळा झाला, लाल झाला. तिने ब्रेकवर पाय ठेवला आणि एबीएस खडखडलं. गाडी थांबेना. थांबायची रेघ गेली. मी दरवाजाची मूठ धरली. ताईने ब्रेक दाबून धरला, स्टिअरिंग सरळ ठेवलं आणि नजर चौकाच्या पलीकडे. गाडी हळूहळू, अगदी सावकाश, चौकाच्या मधोमध जाऊन थांबली. चारी बाजूंना कोणीही नव्हतं. दोनतीन सेकंद आम्ही तिथे तशाच, आणि सिग्नलचा लाल उजेड बर्फावर. मग ताई म्हणाली, "चला." आणि निघाली. मागे छकुलीचा आवाज येत नव्हता. मी घाबरून वळले. ती टक्क जागी होती आणि बाहेरचे दिवे बघत होती. शिट्टी बारीक झाली होती.

बारा मिनिटांच्या रस्त्याला पस्तीस मिनिटं लागली. हॉस्पिटलमध्ये एक औषध पाजलं आणि काही तास लक्ष ठेवायला थांबवलं. डॉक्टर म्हणाली, "येताना बरं वाटायला लागलं ना? थंड हवेने घशातली सूज उतरते." हे मी मराठीत आईला सांगितलं. आयुष्यभर "पोराला वाऱ्यात नेऊ नका" सांगत आलेल्या आईचा चेहरा बघण्यासारखा होता. ती म्हणाली, "तिकडचे डॉक्टर वेगळे असतात."

उजाडायच्या सुमारास घरी आलो. ताईने गाडी लावली, प्लग खुपसला आणि मग तिथेच, खांबाला धरून, रडली. दाजींना तेव्हाच फोन केला. रात्री करून काय उपयोग होता? ते तिकडून उडून तर येणार नव्हते.

वायरचं कोडं दुपारी सुटलं. शेजारचे आजोबा पायवाट साफ करत होते. रात्री नऊला ते स्वतःचा प्लग लावायला बाहेर आले, तेव्हा आमची वायर त्यांना लोंबताना दिसली. घरात बाळ आहे हे त्यांना माहीत होतं. "दार वाजवलं नाही, ती झोपली असेल म्हणून," एवढंच म्हणाले आणि परत फावडं हातात घेतलं. एवढं सगळं घडलं त्याबद्दल त्यांना सांगायचा ताईने प्रयत्न केला, पण तिला बोलता येईना.

सोमवारी संक्रांत होती. बोरन्हाण आम्ही तिघींनीच केलं. बोरांऐवजी ब्लूबेरी, उसाऐवजी गाजराचे तुकडे. काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घातलेल्या छकुलीने मुकुट ओढून त्यातले चार दाणे खाल्ले. ताई वाटीत तिळगूळ आणि हलवा घेऊन आजोबांकडे गेली. त्यांनी हलव्याचा दाणा दोन बोटांत धरून उजेडात बघितला आणि गंभीरपणे विचारलं, "हे पायवाटेवर टाकायचं का?"

आमचं परतीचं विमान जानेवारीच्या शेवटी होतं. दाजी पुन्हा कॅम्पला गेलेले. एअरपोर्ट शहराबाहेर, तीसेक किलोमीटर. मी टॅक्सी बघत होते, तर ताई म्हणाली, "कशाला? मी सोडते ना." तोपर्यंत ती छकुलीला घेऊन दोनदा लायब्ररीत जाऊन आली होती. दोन्ही वेळा घामाघूम होऊन परतली, उणे बारामध्ये. हायवेवर सगळ्या गाड्या आम्हाला ओलांडून जात होत्या आणि ती मुळीच ऐकत नव्हती, सत्तरच्या वर काटा नाही. एअरपोर्टच्या दारात आईला मिठी मारली आणि लगेच निघाली, कारण अंधाराच्या आत घरी पोचायचं होतं. आई काचेतून बघत राहिली, गाडी वळेपर्यंत आणि नंतरही.

सिक्युरिटीच्या रांगेत असताना माझा मोबाईल वाजला. ताईचा मेसेज होता.

"पोचले. वायर लावली."